पर्यावरणाचा पेपर मुलांच्या हातात द्यायचा म्हणजे नेमकं काय द्यायचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिकमधल्या एका वाणिज्य महाविद्यालयात तुम्ही तासिका तत्त्वावर शिकवता. एस. वाय. बी. कॉम.च्या सव्वाशे मुलांचा पर्यावरणाचा पेपर तुमच्याकडे आलाय. हवामान बदलाचा भाग तुम्ही मनापासून शिकवता, पण प्रकल्प म्हणून सव्वाशे वह्यांत एकच मजकूर येतो. पोस्टर स्पर्धा झाली, वृक्षारोपण झालं, फोटो नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलला लागले. आता मुलांना नुसतं श्रोते न ठेवता या शिकवण्यात भागीदार करायचंय आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाही.

मी या जिल्ह्यात चोवीस वर्षं भूगोल शिकवला, त्यातली बरीच वर्षं हाच पेपरही शिकवला. त्या अनुभवावरून सांगतो. काही गोष्टी तुमच्या महाविद्यालयावर अवलंबून आहेत, त्या तिथे तिथे सांगेन.

मुलं मजकूर उतरवतात तो आळसापोटी, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव वेगळा आहे. ज्या कामाचं उत्तर शिक्षकाला आधीच माहीत असतं आणि जे नंतर कुणीच वाचणार नसतं, ते काम कुणीही शहाणा माणूस उतरवूनच काढेल. ‘जागतिक तापमानवाढीची कारणे व उपाय’ हा विषय दिला की उत्तर ठरलेलंच आहे. त्यामुळे ‘सहभाग कसा वाढवू’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा, की या पेपरातला कोणता निर्णय मी मुलांच्या हाती सोपवायला तयार आहे? प्रश्न कुणी निवडायचा, माहिती कुठून आणायची, निष्कर्ष कुणासमोर मांडायचा, गुण कशाला द्यायचे? यातला एकही निर्णय सोडायची तयारी नसेल तर सहभाग फोटोपुरताच राहतो. शेरी आर्नस्टाइन यांनी 1969 मध्ये नागरिकांच्या सहभागाची एक शिडी मांडली होती. रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये ती मुलांच्या सहभागाला लावली. हार्ट यांच्या शिडीत आठ पायऱ्या आहेत आणि खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. त्यातली एक पायरी म्हणजे सजावट. आपले बहुतेक ‘पर्यावरण दिन’ त्या पायरीवर उभे असतात आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्यात मुलांचा उत्साह मात्र खरा असतो.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. सप्टेंबर 2008 मध्ये गोदावरीला मोठा पूर आला, त्यानंतर मी पूरग्रस्त भागाच्या सर्वेक्षणासाठी चाळीस प्रश्नांचा फॉर्म तयार केला आणि मुलांना वाटला. फॉर्म भरून आले. तपासताना लक्षात आलं की निम्मे एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेले आहेत. मी फार चिडलो होतो. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा दिसलं, की प्रश्न माझे होते, नमुना माझा होता आणि निष्कर्षही माझ्या डोक्यात तयार होता. मुलांनी फक्त कागद नेऊन आणायचे होते.

पुढच्या वर्षी फॉर्म दिला नाही. फक्त एक प्रश्न फळ्यावर लिहिला: पाणी नेमकं कुठवर आलं होतं, हे तुम्ही कसं शोधाल? एका गटाला वर्तमानपत्रांची कात्रणं काढायची होती, एकाला पालिकेत जायचं होतं. एका गटाने सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या दुकानदारांना विचारायचं ठरवलं. दुकानदारांनी भिंतींवरच्या ओलीच्या खुणा दाखवल्या, कुणी कपाटाच्या दारावरची रेघ दाखवली. त्या गटात एक गवंड्याचा मुलगा होता. त्याने वडिलांकडची पाण्याची पारदर्शक नळी आणली, घर बांधताना पातळी बघायला वापरतात ती, आणि एका दुकानातली खूण दुसऱ्या दुकानातल्या खुणेशी जुळते का ते मोजून दाखवलं. मला ते सुचलं नसतं. त्या दिवशी त्या विषयातला जाणकार तो होता आणि वर्गानेही ते मान्य केलं. ऑगस्ट 2016 आणि 4 ऑगस्ट 2019 च्या पुरांनंतर पुढच्या तुकड्यांनी त्याच जागी पुन्हा मापं घेतली. नाशिककर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी की छातीला, यावरून पूर सांगतात. मुलांनी त्या बोलीतल्या मापाला भिंतींवरची मापं जोडली.

इथे शिक्षकाची जागा काय, हेही सांगतो. मुलांचा पहिला निष्कर्ष होता, ‘हवामान बदलामुळे पूर वाढले.’ मी तो तसा जाऊ दिला नाही. हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे जोराचा पाऊस आणखी जोराचा होण्याला भौतिक आधार आहे. पण गोदाघाटावरच्या रामकुंडाची पातळी वरच्या गंगापूर धरणातून किती विसर्ग सोडला, शहरातले नाले किती मोकळे आहेत, पात्रात काँक्रीट किती ओतलंय, यावरही ठरते. तीन पुरांवरून कल सिद्ध होत नाही. मुलं थोडी नाराज झाली. मग आम्ही पूररेषेचा विषय काढला. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. ‘मग 2008 ला आला, 2016 ला कसा?’ असा प्रश्न लगेच आला. पंचवीस वर्षांतून एकदा याचा अर्थ दरवर्षी शंभरात चार एवढी शक्यता, एकदा येऊन गेला की चोवीस वर्षं निवांत असा नाही. शिवाय ही रेषा जुन्या नोंदींवर आखलेली असते. पावसाचा स्वभावच बदलत असेल तर ती रेषा कुठे असावी? हा प्रश्न मी विचारला नव्हता, एका विद्यार्थिनीने विचारला. माझ्या दृष्टीने त्या वर्षीचा हवामान बदलाचा धडा तिथे शिकवून झाला.

आता तुमच्या मुलांकडे येतो. वाणिज्य शाखेची आहेत म्हणून त्यांना विज्ञानातलं सोपं सोपं द्यावं, ही चूक करू नका. हिशेब ही त्यांची ताकद आहे आणि आपल्या जिल्ह्यात हवामान थेट हिशेबाच्या वहीत उतरतं. तुमच्या सव्वाशेपैकी निफाड, दिंडोरी, चांदवडकडची किती मुलं आहेत बघा. त्यांच्या घरी द्राक्षबाग असेल तर ऑक्टोबर छाटणीनंतर घरात रोज ‘वातावरण’ या शब्दावर चर्चा होते. ढग आले की भुरी रोगाची भीती, पाऊस झाला की डाऊनी रोगाची, काढणीच्या तोंडावर पडला तर मणी तडकण्याची. प्रत्येक वेळी फवारणी आणि प्रत्येक फवारणीला पैसे.

माझ्याकडे एका वर्षी वाणिज्यच्याच पाच-सहा मुलांनी ‘फवारणीची वही’ काढली. तारीख, आकाश कसं होतं, काय फवारलं, औषधाचा खर्च, मजुरी, ब्लोअरचं (फवारणी यंत्राचं) डिझेल. शेजारच्या रकान्यात आपल्या महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची पावसाची नोंद. हंगाम संपल्यावर एकाने मांडलं, की खर्च वाढला म्हणजे हवामान बिघडलं. त्याच गटातल्या मुलीने त्याला थांबवलं आणि कॉस्टिंगमध्ये शिकलेली गोष्ट काढली: किमतीमुळे पडलेला फरक वेगळा, प्रमाणामुळे पडलेला फरक वेगळा. औषध महागलं असेल तर तो दोष ढगांचा नाही. त्यांनी फवारण्यांची संख्या आणि दर वेगळे केले, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. ही शिस्त त्यांना त्यांच्याच विषयाने दिली होती. मी फक्त एवढं जोडलं, की एका हंगामाची वही ‘हवामान बदललं’ हे सांगू शकत नाही. त्यासाठी जागतिक हवामान संघटना तीस वर्षांची सरासरी धरते, सध्या 1991 ते 2020 ची. तुमची वही सांगते ती दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट: आकाश बिघडलं तर आपलं घर किती उघड्यावर आहे.

याच वहीतून ती मुलं हवामान आधारित फळपीक विम्यापर्यंत पोचली. त्या विम्यात भरपाई त्या भागासाठी ठरवून दिलेल्या (संदर्भ) हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते, तुमच्या बांधावर काय झालं यावर नाही. केंद्र गावापासून किती लांब आहे हा प्रश्न त्यामुळे पैशांचा होतो. मुलांनी हे आपल्या गावच्या पारावर समजावून सांगितलं. मी गेलो होतो, मागे बसलो होतो. शिकवत ती होती.

भाषेचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण मला तो मोठा वाटतो. आजचा पाऊस हेही आपल्याकडे ‘हवामान’ आणि तीस वर्षांची सरासरी हेही ‘हवामान’. इंग्रजीत ‘वेदर’ आणि ‘क्लायमेट’ असे दोन शब्द आहेत म्हणून तिथे गोंधळ नाही असं नाही, पण मराठीत तो शब्दातच बसलेला आहे. म्हणून थंडीत निफाडचा पारा घसरला, शेतकऱ्यांनी बागेत शेकोट्या पेटवल्या, की वर्गात हमखास प्रश्न येतो: सर, मग तापमानवाढ कुठे गेली? हा प्रश्न टाळू नका. निरभ्र आकाश, कोरडी हवा, उत्तरेकडून येणारे वारे आणि रात्रभर उष्णता सोडणारी जमीन, यामुळे एखादी रात्र गोठवणारी होऊ शकते. ती आजची हवा. सरासरी वर सरकत असतानाही अशा रात्री येतात. मुलांना सांगा, हे दोन अर्थ तुमच्या आजीला समजतील अशा शब्दांत वेगळे करून दाखवा. एका गटाने ‘आजचा मूड आणि माणसाचा स्वभाव’ असं मांडलं होतं. सटाणा-कळवणची मुलं असतील तर त्यांना अहिराणीत सांगू द्या. पेठ-सुरगाण्याकडची असतील तर नागली-वरईच्या हंगामावरून सांगू द्या. तिथे पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंड्यासाठी पायपीट, हे ती मुलं जगून आलेली असतात. त्यांना ‘पाणी वाचवा’ शिकवायला जाऊ नका. त्यांच्याकडून वर्गाला शिकू द्या, त्यांची इच्छा असेल तर.

‘इच्छा असेल तर’ हे शब्द जाणीवपूर्वक लिहिले. गारपिटीत बाग गेलेल्या घरातली मुलं तुमच्यासमोर बसलेली असतील. त्यांच्या घरचं कर्ज हा वर्गाच्या चर्चेचा विषय नाही. मी एकदा एका मुलाला सगळ्यांसमोर ‘तुमच्याकडे काय झालं सांग’ म्हटलं आणि तो उठून बाहेर गेला. त्यानंतर मी कधीच कुणाला घरचा अनुभव सगळ्यांसमोर विचारला नाही. कोण काय सांगणार हे मुलं आधी ठरवतात, नाव घालायचं की नाही हेही तीच ठरवतात. वही घरची असेल तर घरच्यांची परवानगी लागते.

नक्षत्रांचं काम हे याच्या उलट, हलकं आणि सगळ्यांना जमणारं आहे. आजी-आजोबांना विचारायचं, मृग कसा पडायचा, हस्ताचा पाऊस कसा असायचा. मग आपल्या तालुक्याच्या जुन्या पावसाच्या नोंदी मिळवून त्याच तेरा-चौदा दिवसांच्या पट्ट्यांत मांडायच्या. आठवण आणि नोंद पुष्कळदा जुळत नाहीत. माणसाला ठळक वर्षं लक्षात राहतात. आजोबा खोटं बोलत नाहीत आणि पर्जन्यमापकही नाही, मग फरक कुठून येतो, यावर मुलं जेवढं डोकं चालवतात तेवढं माझ्या कुठल्याही व्याख्यानावर चालवलं नाही. हवामान खातं एका दिवसातल्या 64.5 मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला ‘जोरदार’ धरतं. असे दिवस वर्षाला किती, हे मोजायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. घाटातलं इगतपुरी आणि कोरड्या पट्ट्यातला येवला शेजारी शेजारी मांडले तर एकाच जिल्ह्यात पाऊस म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी कशा, तेही दिसतं.

आता अडचणी. सव्वाशे जणांना एकदम भागीदार करायला जाऊ नका. पहिल्या वर्षी दहा-बारा पुरेत, मात्र ते तुमचे आवडते किंवा पुढच्या बाकावरचे नसावेत. उघड बोलवा आणि येतील त्यांना घ्या. हे दहा-बारा जण पुढे प्रत्येकी दहा जणांचा गट चालवतात. अशाने तुमच्यावरचा भारही आटोक्यात राहतो, जो तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या माणसाने विचारात घ्यायलाच हवा.

वेळ मुलांकडूनही फुकट मागू नका. बरीच मुलं सकाळी कॉलेज करून दुपारी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला जातात किंवा एसटीने गावी परततात. चारची बैठक ठेवली की बाहेरगावच्या मुली आपोआप गळतात आणि आपण म्हणतो, मुलींना रस नाही. बैठक कधी हे त्यांना ठरवू द्या. काम श्रेयांकांत बसवा: सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या आदेशानंतर हा विषय पदवीला आला, तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मूळ अभ्यासक्रमातही 100 पैकी 25 गुण क्षेत्रकार्याला होते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आणि समाज सहभागाला स्वतंत्र श्रेयांक आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना वर्षाला 120 तास भरायचेच असतात. ‘कमवा व शिका’ तुमच्याकडे चालू असेल तर नोंदी घेण्याचं काम त्यात बसतं का ते विचारा. यातलं काय शक्य आहे हे तुमचं महाविद्यालय स्वायत्त आहे की संलग्न, आणि विभागप्रमुख कसे आहेत, यावर ठरेल. ते इथून सांगता येणार नाही.

गुणांचं मी असं करत आलो. निम्मे निकष मुलं ठरवत, निम्मे मी. माझ्या निकषांत एक अट न बदलणारी होती: नोंद चुकली तर चुकली म्हणून लिहा, बनवू नका. एका गटाची पंधरा दिवसांची मापं गेली होती. त्यांनी तो रकाना रिकामा ठेवला आणि कारण लिहिलं. त्यांना मी सर्वांत जास्त गुण दिले आणि ते का दिले हेही वर्गात सांगितलं.

भागीदारी म्हणजे सगळं सोडून देणं असं कुणी समजू नये. विज्ञान बरोबर आहे का, हे बघणं तुमचंच काम. ओझोनच्या थराला पडलेलं छिद्र आणि तापमानवाढ ही एकच गोष्ट आहे असं मुलांपैकी निम्मी तरी मानतात. पोस्टरवर ते छापून गेलं तर जबाबदारी आपली. पुराच्या पाण्याजवळ कुणी जायचं नाही, हाही निर्णय मतदानाने घ्यायचा नसतो. तर तीन गोष्टी तुमच्याकडे राहतात: विज्ञानाचा खरेपणा, सुरक्षितता, आणि कुणाच्या घरचं दुःख चव्हाट्यावर येणार नाही याची काळजी. बाकी जवळपास सगळं देता येतं.

प्राचार्य फोटो मागतात, हे तुम्ही लिहिलंय. द्या की. त्यांच्या अडचणी खऱ्या असतात. फक्त फोटोसोबत एक पान जोडा: मुलांनी कोणता प्रश्न निवडला, काय सापडलं, ते कुणाला दिलं. कुणाला दिलं हे फार महत्त्वाचं. सराफ बाजारातल्या पुराच्या खुणांचा नकाशा मुलांनी तिथल्या दुकानदारांनाच नेऊन दिला, तेव्हा एका दुकानदाराने नवं कपाट त्या रेघेच्या वर बसवून घेतलं आणि मुलांना बोलावून दाखवलं. त्या गटातला एकही जण त्यानंतर वही उतरवताना मला दिसला नाही.

सुरुवात कधी करायची विचाराल तर मृगाच्या आधी. मेच्या शेवटी दहा-बारा जणांना बोलवा आणि पहिल्या बैठकीत हवामान बदलावर व्याख्यान देऊ नका. एवढंच विचारा, की तुमच्या घरी पावसामुळे गेल्या वर्षी कोणता निर्णय बदलावा लागला, आणि उत्तर सांगायचं की कागदावर लिहून द्यायचं, हे त्यांच्यावर सोडा. मग एक पर्जन्यमापक गच्चीवर बसवा. तोही साधा चालतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे मुलांना बादलीने करून दाखवता येतं. टाकीपासून आणि भिंतीपासून तो त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा, नाहीतर वाऱ्याने नोंद चुकते. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे तुमचंही माप रोज साडेआठलाच घ्यायला हवं, रविवारीसुद्धा. रविवारी गच्चीची चावी कुणाकडे, हे पहिल्याच बैठकीत मुलांनी ठरवावं आणि शिपाईमामांशी त्यांनीच बोलून घ्यावं.